ओव्हलवरच्या १५८ धावा आणि यादीत नसलेलं नाव : बॅसिल डॉलिव्हेरा

सरळ_बॅट (धागाकर्ता)

माझा लेक नववीत आहे आणि त्याला आकड्यांचं भयंकर वेड आहे. परवा जेवताना मोबाइलवर कुठलीशी यादी चाळत म्हणाला, "बाबा, हा बॅरी रिचर्ड्स बघ. चार टेस्ट, ५०८ रन्स, ॲव्हरेज ७२.५७. पुढे खेळलाच नाही. जखमी झाला का?" म्हटलं, नाही रे, त्याच्या देशालाच, दक्षिण आफ्रिकेला, बाहेर बसवलं होतं. "कोणी? का?" मग मी जे सुरू केलं ते ताटातली भाजी गार झाली तरी संपेना. तेच इथे लिहितो. २२ वर्षांच्या त्या रिकाम्या जागेमागे एक माणूस आहे, आणि आपल्याकडच्या क्रिकेटवेड्या घरांतही त्याचं नाव क्वचित निघतं, याची मला खंत वाटते.

बॅसिल डॉलिव्हेरा. नोंदीप्रमाणे जन्म ४ ऑक्टोबर १९३१, केपटाउन. सरकारी भाषेत तो 'कलर्ड', म्हणजे मिश्र वंशाचा. १९५० च्या कायद्याने तिथे माणसामाणसावर वंशाचा शिक्का बसला. कुठे राहायचं, कुठल्या डब्यात बसायचं, कुणाशी लग्न करायचं, सगळं त्या शिक्क्यावर ठरे. टेस्ट संघ अर्थातच फक्त गोऱ्यांचा. तो खेळायचाही फक्त इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडशी. भारत, पाकिस्तान किंवा वेस्ट इंडीजशी त्या काळात एकही टेस्ट नाही. केपटाउनच्या न्यूलँड्स मैदानावर गोरे नसलेल्या प्रेक्षकांसाठी वेगळा कोपरा होता, त्याला लोक 'पिंजरा' म्हणत. त्या पिंजऱ्यात बसून ही माणसं नेहमी पाहुण्या संघासाठी टाळ्या वाजवायची.

डॉलिव्हेरा छापखान्यात काम करायचा आणि शनिवार-रविवारी सेंट ऑगस्टीन्स क्लबकडून खेळायचा. गोरे नसलेल्यांच्या दक्षिण आफ्रिका संघाचा तो कर्णधार झाला, केनियाविरुद्ध खेळला. पुढे रस्ता बंद. १९५९ मध्ये वेस्ट इंडीजच्या फ्रँक वॉरेलचा संघ त्यांच्याशी खेळायला येणार होता, तोही दौरा बारगळला.

त्याआधीपासूनच तो जॉन अर्लट या इंग्लिश समालोचकाला पत्रं लिहीत होता. हिरव्या शाईत. इंग्लंडमध्ये कुठेतरी खेळायला मिळेल का, एवढंच विचारणारी. अर्लट त्याला कधी भेटलेले नव्हते. पण ते दक्षिण आफ्रिकेत जाऊन आलेले होते, आणि तिथल्या सरकारी फॉर्मवर 'वंश' या रकान्यात त्यांनी 'मानव' असं लिहिलं होतं. अशा माणसाच्या हाती ते पत्र पडलं. अर्लट आणि पत्रकार जॉन के यांनी खटपट केली. लँकेशायरमधल्या मिडलटन क्लबला वेस्ट इंडीजचा वेस हॉल येऊ शकणार नव्हता, ती जागा मिळाली. एका हंगामाचे ४५० पौंड, विमानाचं तिकीट आपलं आपण काढायचं. केपटाउनच्या वस्तीने सामने भरवून, वर्गणी काढून पैसे उभे केले. १९६० च्या मार्चमध्ये शार्पव्हिलला कृष्णवर्णीय निदर्शकांवर पोलिसांचा गोळीबार झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच हा गरोदर बायकोला मागे ठेवून निघाला.

१९६४ मध्ये वूस्टरशायर काउंटी, १९६६ मध्ये लॉर्ड्सवर इंग्लंडची टोपी. आणि मग १९६८.

त्या वर्षी हिवाळ्यात इंग्लंडचा संघ दक्षिण आफ्रिकेला जाणार होता. उन्हाळ्यात ऑस्ट्रेलियाशी मालिका. पहिल्या टेस्टमध्ये डॉलिव्हेराने दुसऱ्या डावात नाबाद ८७ केल्या, आणि पुढच्याच टेस्टला त्याला वगळलं. ओव्हलच्या शेवटच्या टेस्टला रॉजर प्रिडो आजारी पडला म्हणून ऐनवेळी बोलावणं आलं. ३१ वर असताना यष्टिरक्षक जारमनच्या हातून झेल सुटला. त्यानंतर तो थांबला ते १५८ वर. पंच चार्ली एलियट शतकाच्या वेळी जवळ येऊन पुटपुटले की आता तू मोठाच घोळ करून ठेवलास. ते प्रेमानेच म्हणाले होते. मैदानावरच्या प्रत्येकाला कळलं होतं की या धावा फक्त धावा नाहीत.

२८ ऑगस्टला दौऱ्याचा संघ जाहीर झाला. डॉलिव्हेरा वूस्टरला ससेक्सविरुद्ध १२८ करून ड्रेसिंग रूममध्ये बसला होता. रेडिओ लावलेला. एकेक नाव येत गेलं आणि संपलं. त्याचं नव्हतंच. तो मटकन बसला. सहकारी टॉम ग्रॅव्हनीने त्याला धरून शेजारच्या खोलीत नेलं, आणि तिथे तो ढसाढसा रडला.

या जागी आलो की मला पुढे सांगवत नाही. आपल्या देशाने हाकललं, तिथून सहा हजार मैल दूर येऊन सगळं नव्याने उभं केलं, आणि ज्यांनी आपलं म्हटलं त्यांनीच परत दार लावलं. लेकही काही बोलला नाही.

पुढे संघात निवडलेल्या टॉम कार्टराइटने खांद्याच्या दुखापतीमुळे नाव मागे घेतलं आणि १६ सप्टेंबरला त्या जागी डॉलिव्हेराला घेतलं. दुसऱ्याच दिवशी ब्लूमफाँटेनमध्ये दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान फोर्स्टर यांनी भाषणात सांगितलं की हा संघ एमसीसीचा (इंग्लंडचे दौरे ज्याच्या नावाने होत त्या लॉर्ड्सच्या क्लबचा) नाही, वर्णभेदविरोधी चळवळीचा आहे. २४ सप्टेंबरला दौरा रद्द झाला. १९७० चा दक्षिण आफ्रिकेचा इंग्लंड दौराही निदर्शनांपुढे टिकला नाही. मग दक्षिण आफ्रिका परत आली ती थेट १९९१ मध्ये.

जाणकारांनी भर घालावी.

कांगावाला

फार मनापासून लिहिलंय. मी मॅटिंगविषयी, म्हणजे मातीवर मॅट अंथरून खेळण्याविषयी सांगतो, कारण तो भाग मला हाडात ठाऊक आहे.

डॉलिव्हेरा केपटाउनला ग्रीन पॉइंट कॉमनसारख्या माळावर मॅटवर खेळत मोठा झाला. एकाच माळावर अनेक सामने, एकाचा फाइन लेग दुसऱ्याच्या कव्हरच्या पाठीला पाठ लावून उभा. आझाद मैदानावर खेळलेल्याला वेगळं सांगायला नको. दगड वेचायचे, माती चोपायची, मॅट अंथरून चारी बाजूंनी ताणायची आणि खिळे ठोकायचे. एक कोपरा सैल राहिला तर त्या टोकाला दिवसभर फलंदाजांचे शिव्याशाप. पण मॅट नीट ताणलेली असली की चेंडू उडतो आणि एकसारखा उडतो. कट आणि पुल तिथे आपोआप येतात. हात पुढे न्यायला घाबरावं लागत नाही.

आता हाच माणूस मिडलटनच्या ओल्या हिरवळीवर. पहिल्या पाच डावांत मिळून २५ धावा! मला याचं अजिबात नवल वाटत नाही. मी वर्षभर मॅटवर खेळून पहिल्यांदा मुंबईच्या कांगा लीगच्या पावसाळी टर्फवर (गवताच्या खेळपट्टीवर) गेलो तेव्हा पहिल्या तीन डावांत शून्य, चार, शून्य. चेंडू थांबून येतो. आपली बॅट केव्हाच पुढे निघून गेलेली असते आणि कव्हरला अलगद झेल जातो. आमचे कोच एकच वाक्य म्हणायचे, "बॉल येऊ दे रे, तू जाऊ नको." शिकायला मला दोन मोसम लागले.

डॉलिव्हेरा एका मोसमात शिकला. बॅकलिफ्ट अगदी छोटी, मनगटं आणि दंड लोखंडाचे, आणि चेंडू शेवटपर्यंत बघायचा. मोसम संपला तेव्हा त्या लीगच्या सरासरीत तो पहिला होता. त्याच्या खाली वेस्ट इंडीजचा महान गॅरी सोबर्स होता. तेव्हा तो २८ वर्षांचा होता. वीस ते अठ्ठावीस ही वर्षं त्याला टर्फवर मिळाली असती तर काय झालं असतं, हा विचार मनातून जात नाही.

शुभदा_म

वयाचा उल्लेख आलाच आहे म्हणून. इंग्लंडमध्ये त्याने वय तीनेक वर्षांनी कमी सांगितलं होतं. खरं वय कळलं तर कुणी घेणार नाही ही भीती. लॉर्ड्सवर टोपी मिळाली तेव्हा तो ३४ चा होता आणि ओव्हलला जवळजवळ ३७ चा. मला यात खोटेपणा दिसत नाही. त्याची जी वर्षं काढून घेतली होती त्यातली थोडी त्याने स्वतःच परत घेतली.

आणि नेओमी, त्याची बायको. पोटात मूल, नवरा परदेशी, पाच डावांत २५ धावा, वस्तीतल्या लोकांनी पोटाला चिमटा काढून दिलेले पैसे. तिने ते महिने कसे काढले असतील? तिच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं.

लेगस्टंप

लेख आवडला, पण एक बाजू मांडतो, राग नसावा. १९६७-६८ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात डॉलिव्हेरा साफ अपयशी ठरला होता. पाच टेस्टमध्ये १३७ धावा, ३ बळी, तेही जवळजवळ ९८ च्या सरासरीने. झेलही सोडले. रात्रीच्या पार्ट्यांबद्दलही बोललं गेलं. निवड समितीत डग इन्सोल, पीटर मे, ॲलेक बेडसर, डॉन केनयन अशी माणसं आणि कर्णधार काउड्री. हे सगळे मिळून वर्णद्वेषी होते असं मानणं मला जड जातं. परदेशी खेळपट्ट्यांचा विचार करून वगळलं, हे अगदीच अशक्य आहे का?

सरळ_बॅट (धागाकर्ता)

@लेगस्टंप, राग कसला. हाच प्रश्न महत्त्वाचा आहे. "निव्वळ क्रिकेटच्या निकषावर" हे शब्द तेव्हाही वापरले गेले होते आणि आजही कुठेही कुणाला डावलताना वापरले जातात, म्हणून ते तपासून बघायला हवेत.

पहिली गोष्ट, ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या त्या ॲशेस मालिकेत त्याने दोनच टेस्ट खेळल्या. ९, नाबाद ८७, १५८ आणि ९. सरासरी ८७.६६, इंग्लंडकडून सर्वोत्तम. असा फलंदाज सोळांत बसत नाही?

दुसरी, इन्सोल यांनी सांगितलं की परदेशात आम्ही त्याला अष्टपैलू धरत नाही, फलंदाज म्हणूनच विचार केला. ठीक. तीन आठवड्यांनी कार्टराइट गेला. तो गोलंदाज होता! त्याच्या जागी त्याच समितीने कुणाला घेतलं? डॉलिव्हेराला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत.

तिसरी सगळ्यात वाईट. मार्च १९६८ मध्ये एमसीसीचे माजी अध्यक्ष लॉर्ड कोबम फोर्स्टरना भेटले होते. डॉलिव्हेरा संघात असेल तर दौरा होणार नाही, हे त्यांना स्पष्ट कळलं. तसं पत्र एमसीसीत पोचलं आणि सचिव बिली ग्रिफिथ, गबी ॲलन, अध्यक्ष गिलिगन या तिघांपाशीच राहिलं. पूर्ण समितीपुढे ते ठेवलंच नाही. त्याच उन्हाळ्यात लॉर्ड्स टेस्टच्या सुमारास ग्रिफिथ यांनी डॉलिव्हेरालाच सुचवलं, की तूच जाहीर कर, मी इंग्लंडकडून नाही, दक्षिण आफ्रिकेकडून खेळायला तयार आहे. ज्या देशाने त्याला पिंजऱ्यात बसवलं त्या देशाकडून! त्याने साफ नकार दिला. मग एका सिगारेट कंपनीशी संबंधित माणसाने दक्षिण आफ्रिकेत प्रशिक्षक म्हणून वर्षाला ४००० पौंड, वर घर आणि गाडी देऊ केली. अट एकच, दौऱ्यासाठी आपण उपलब्ध नाही हे संघनिवडीआधीच सांगायचं. ४५० पौंडांसाठी घर सोडलेल्या माणसापुढे हे ठेवलं होतं. तो बधला नाही.

एकेक माणूस वर्णद्वेषी होता असं माझं म्हणणं नाही. कटकट नको, दौरा होऊ दे, जुने मित्र दुखवायला नकोत, एवढंच त्यांना वाटत होतं. पण अन्याय व्हायला तेवढं पुरतं.

लेगस्टंप

कार्टराइटचा मुद्दा खोडता येत नाही. कोबमचं पत्र मला माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो. वेस्ट इंडीजचे आकडे मात्र राहू द्या धाग्यावर, तेही खरेच आहेत.

पर्वती_पायथा

वाचताना सारखे दलित गोलंदाज पळवणकर बाळू डोळ्यांपुढे येत होते. पूना क्लबच्या नेटमध्ये महिना चार रुपयांवर साहेबांना चेंडू टाकायचे, ग्रेगसारख्या फलंदाजाला तासन्‌तास. बॅट मात्र कधी हाती दिली नाही. हिंदूंच्या संघात घेतलं, तर चहाच्या वेळी बाकीचे आत चिनी मातीच्या कपांतून पिणार आणि बाळू पॅव्हेलियनच्या बाहेर मातीच्या भांड्यातून. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात याच माणसाने ११४ बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही. ते मिळालं धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये.

दादरकर_७१

@पर्वती_पायथा, जात आणि वंश एका तराजूत घालावेत का याबद्दल मी जरा साशंक असतो. तिथे कायदा होता, पोलीस होते, तुरुंग होता. पण चहाच्या भांड्यापुढे हा वाद फिका पडतो हे कबूल.

मुंबईशी जुळणारी आणखी एक गोष्ट आहे. गोरे नसलेल्यांचं क्रिकेटही तिथे आधी वंशावर वाटलेलं होतं. कलर्ड, मलाय, भारतीय, आफ्रिकन, चौघांचे चार संघ आणि त्यांच्यात स्पर्धा. आपली धर्मावर वाटलेली पंचरंगी स्पर्धा आठवा. आपण ती १९४६ नंतर बंद केली, त्यांनी १९५० च्या दशकाअखेर. गोऱ्यांच्या भिंतीशी झगडायचं तर आधी आपल्यातल्या भिंती पाडायला हव्यात, असं त्यांना वाटलं. डॉलिव्हेराची पहिली पत्रं त्याच काळातली आहेत.

आता भारताबद्दल. त्याचं पहिलं टेस्ट शतक आपल्याविरुद्ध आहे, १९६७ मध्ये हेडिंग्लीला, १०९. बॉयकॉटच्या नाबाद २४६ खाली ते झाकलं गेलं. त्याच टेस्टमध्ये फॉलोऑननंतर पतौडीने १४८ आणि आपल्या वाडेकरने ९१ केल्या. आणि १९७१ ला ओव्हलवर वाडेकरच्या संघाने इंग्लंडला हरवलं तेव्हाही डॉलिव्हेरा समोर होता. माझ्या नावातला ७१ तोच. वडील रेडिओला कान लावून बसले होते आणि चंद्राच्या (चंद्रशेखरच्या) प्रत्येक विकेटला आईला हाक मारत होते. तीन वर्षांपूर्वी त्याच मैदानावर काय घडलं होतं हे मला चाळिशीत वाचून कळलं.

बहिष्कारात आपलाही वाटा आहे. १९७४ ला टेनिसच्या डेव्हिस कपची अंतिम लढत होती, समोर दक्षिण आफ्रिका, आणि भारत खेळला नाही. अमृतराज बंधू ऐन भरात होते. आपल्याला तो कप आजवर मिळालेला नाही. एवढी किंमत मोजलेली फारशा कुणाला आठवत नाही.

केपटाउनवासी

कामानिमित्त इथे नऊ वर्षं आहे, म्हणून या धाग्यावर लिहिल्यावाचून राहवत नाही. बॅसिलची वस्ती सिग्नल हिलच्या उतारावर, बो-काप. गल्ल्या इतक्या उभ्या की चेंडू एकदा सुटला की खालपर्यंत धावायचं. मुलं आजही तिथे खेळतात. खाली ग्रीन पॉइंटला २०१० च्या फुटबॉल विश्वचषकाचं अवाढव्य स्टेडियम उभं आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. सगळे त्याच्यावर खूश नव्हते. इथल्या गोरे नसलेल्यांच्या क्रिकेटचे नेते हसन हावा म्हणायचे, "विकृत समाजात निकोप खेळ असूच शकत नाही." त्यांच्या मते वर्णभेद असेपर्यंत गोऱ्यांशी खेळायचंच नाही. बॅसिल राजकारण बोलायचा नाही, त्याला फक्त खेळायचं होतं, आणि ते इथल्या कित्येकांना पटलं नाही. मला दोघांचंही पटतं. हावांमुळे चळवळ टिकली. पण बॅसिलच्या १५८ धावा नसत्या तर जगाला हा प्रश्न इतक्या साध्या शब्दांत कळला नसता.

२००० मध्ये इथल्या मंडळाने शतकातले दहा सर्वोत्तम दक्षिण आफ्रिकी क्रिकेटपटू निवडले. दक्षिण आफ्रिकेकडून एकही टेस्ट न खेळलेला बॅसिल त्यात होता. त्याच्या ४४ टेस्ट, २४८४ धावा, सगळ्या इंग्लंडच्या नावावर. आता इंग्लंड आणि दक्षिण आफ्रिका यांच्यातल्या टेस्ट मालिकेच्या चषकाला त्याचंच नाव आहे.

पण सगळं संपलं असं नाही हो. मखाया एन्टिनी, दक्षिण आफ्रिकेकडून टेस्ट खेळलेला पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकन. त्याने २०२० मध्ये सांगितलं की संघाच्या बसमध्ये, जेवायला, कुणी शेजारी बसायचं नाही. म्हणून तो बॅग ड्रायव्हरकडे देऊन हॉटेलपासून मैदानापर्यंत धावत जायचा. आम्ही टीव्हीवर त्याच्या फिटनेसचं कौतुक करत होतो.

कांगावाला

एन्टिनीचं वाचून गलबलून आलं.

आमच्या आचरेकर सरांच्या पोरांची आठवण राहिली. १० नोव्हेंबर १९९१, ईडन गार्डन्स, दक्षिण आफ्रिका परत आली तो सामना. डोनाल्डने ५ बळी घेतले, सचिनने ६२ केल्या आणि पदार्पणात प्रवीण आमरेने ५५. पुढच्या वर्षी आपण तिथे गेलो, डर्बनला पहिली टेस्ट, आमरेचं पदार्पणातच शतक, १०३. शिवाजी पार्कात पेढे वाटले होते. त्याच टेस्टमध्ये समोरच्या संघात ओमर हेन्रीचंही पदार्पण होतं. बॅसिलसारखाच 'कलर्ड', चाळिशीचा. आम्ही त्या दिवशी फक्त आमरेकडे बघत होतो. हेन्रीकडे बघायला हवं होतं.

सरळ_बॅट (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. अख्खा धागा काल रात्री लेकाला वाचून दाखवला. कांगावाला, तुमचं "बॉल येऊ दे" त्याने नेट्सच्या वहीत लिहून घेतलंय.

नंतर तो पुन्हा त्याच्या आकड्यांकडे वळला आणि ५ जानेवारी २०१६ ची नोंद काढून दाखवली. न्यूलँड्स, समोर इंग्लंड, मालिका बॅसिल डॉलिव्हेरा चषकाची. टेम्बा बवुमा नाबाद १०२, दक्षिण आफ्रिकेकडून कृष्णवर्णीय आफ्रिकन फलंदाजाचं पहिलं टेस्ट शतक. केपटाउनच्याच लांगा वस्तीतला मुलगा. "बाबा, हे तेच मैदान ना, पिंजऱ्याचं?" म्हटलं, तेच. मग आम्ही त्या डावाची चित्रफीत शोधून पाहिली. चेंडू सीमापार गेल्यावर कॅमेरा प्रेक्षकांवर फिरतो, तेव्हा लेकाने ती थांबवली आणि एकेका रांगेत कोण कोण बसलंय ते निरखत बसला.

@केपटाउनवासी, तो पिंजरा मैदानाच्या नेमक्या कुठल्या बाजूला होता, तुमच्या तिथल्या कुणा म्हाताऱ्या माणसाला विचाराल का? त्याला ते हवंय.